विद्यार्थी चळवळीतून पक्ष काढायचाय? आधी डेमोसिस्टोचा प्रवास बघा

आंदोलन करून झालं, आता निवडणुकीत उतरायचं असं ज्या पोरांच्या डोक्यात आहे त्यांनी हाँगकाँगच्या डेमोसिस्टोचा, म्हणजे तिथल्या विद्यार्थी नेत्यांनी काढलेल्या पक्षाचा, नीट अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं.

पहिलं म्हणजे मागणी एकच आणि घराघरात कळेल अशी धरा. डेमोसिस्टोचा एक संस्थापक जोशुआ वाँग १४ वर्षांचा असताना २०११ मध्ये स्कॉलरिझम ही विद्यार्थी संघटना सुरू झाली ती शाळेत सक्तीने येणारा राष्ट्रीय शिक्षणाचा विषय थांबवायला, आणि २०१२ च्या सप्टेंबरात पोरं सरकारी मुख्यालयाबाहेर ठिय्या देऊन बसली, काही जण उपोषणाला, शेवटी सरकारने सक्ती मागे घेतली.

मग हाँगकाँगचा प्रमुख खुल्या निवडणुकीने निवडू द्या म्हणून २०१४ चं छत्री आंदोलन झालं, ७९ दिवस रस्त्यावर बसूनही मागणी मान्य झाली नाही, तेव्हा पक्षाचा विषय निघाला. इथे एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली, जुन्या संघटनेवर नवी पाटी लावली नाही. मार्च २०१६ मध्ये स्कॉलरिझम थांबवली, शिल्लक पैशातला काही भाग विद्यार्थ्यांच्या कोर्ट केसेससाठी बाजूला काढला आणि एप्रिलमध्ये डेमोसिस्टो पक्ष जाहीर केला. तुम्हीपण हिशोब आधी मोकळा करा.

उमेदवाराचं वय बघा. तिथे किमान २१ लागायचं आणि वाँग १९ चा, म्हणून पक्षाचा २३ वर्षांचा नेथन लॉ हाँगकाँगच्या विधिमंडळासाठी उभा राहिला आणि ५०,८१८ मतं घेऊन निवडून आला. आपल्याकडे विधानसभेला २५ लागतात, ग्रामपंचायतीला २१.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निवडून आलात म्हणजे आत गेलात असं समजू नका. लॉने शपथेआधी गांधीजींच्या नावाने सांगितलं जाणारं एक वाक्य म्हटलं आणि चीनचं नाव घेताना शेवटचा सूर प्रश्न विचारल्यासारखा वर नेला, दुसऱ्या पक्षाच्या दोन सदस्यांच्या शपथेवरून बीजिंगने, म्हणजे चीन सरकारने, शपथेच्या नियमाचा नवा अर्थ लावला आणि त्याच आधारावर जुलै २०१७ मध्ये कोर्टाने लॉचीही जागा काढून घेतली. २०१८ मध्ये पक्षाच्याच ॲग्नेस चाऊने पोटनिवडणुकीसाठी ब्रिटिश नागरिकत्व सोडलं तरी पक्षाच्या स्वयंनिर्णयाच्या (हाँगकाँगचं भविष्य तिथल्या लोकांनीच ठरवावं या) भूमिकेवरून तिचा अर्ज बाद केला, कोर्टाने ते चुकीचं ठरवलं पण २०१९ मध्ये, तोवर पोटनिवडणूक होऊन गेलेली. म्हणून जाहीरनामा छापायच्या आधी ओळ न् ओळ वकिलाला दाखवा, अर्ज बाद झाला तर कोण उभं राहणार ते आधीच ठरवा, पण भूमिका सोडू नका, मतं तिच्यावरच मिळतात.

पक्ष बंद करायची वेळ आली तर काय, तेही पक्षाच्या घटनेत लिहून ठेवा. ३० जून २०२० ला चीनने हाँगकाँगसाठी केलेला कडक राष्ट्रीय सुरक्षा कायदा रात्री लागू व्हायच्या आधी सकाळी मोठे नेते बाहेर पडले आणि त्याच दिवशी डेमोसिस्टो विसर्जित झाली. इतक्या घाईत बसून ठरवायला वेळ मिळत नाही, तेव्हा सभासदांची यादी कोणाकडे राहील, पैसे कुठे जातील आणि ज्यांच्यावर केसेस आहेत त्यांचा वकील कोण बघेल, एवढं पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.