पायलट व्हायचंय? मग आधी आकडा नीट टाकायला शिक

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं तशी आमच्या इकडची पोट्टी विचारून राहिली, सर पायलट व्हायला कॉम्प्युटरचा कोणता कोर्स करू. मी तालुक्याच्या गावी क्लास चालवतो, पीकविम्याचे फॉर्म भरतो, विमान काही उडवत नाही, पण भाचा गोंदियाजवळ बिरसीला ट्रेनिंगला होता त्याच्याजवळून बरंच कळलं. कोडिंग-बिडिंग लागत नाही बे. आकडा बरोबर टाकणं अन् टाकल्यावर तो परत वाचणं, हे लागते.

काहून? २० मार्च २००९, मेलबर्नहून दुबईला निघालेलं एअरबस ए३४०. टेकऑफचा हिशोब करताना लॅपटॉपमध्ये वजन टाकलं २६२.९ टन, खरं होतं ३६२.९. एक आकडा, शंभर टनाचा फरक. कॉम्प्युटरने त्या हिशोबाने स्पीड अन् पॉवर कमी काढून दिली, विमानाची शेपटी रनवेवर घासत गेली. आत २७५ लोक होते, नशिबाने सगळे वाचले. मी स्वतः एकदा एका काकांच्या विम्याच्या फॉर्मात खात्याचा एक आकडा चुकवला होता तर चार महिने त्यांच्यासमोर जायची सोय नव्हती, अन् तिथं तर फक्त पैसे होते.

म्हणून पहिली प्रॅक्टिस ही कर. दोघं बसा, एकाने पाच-सहा आकडी नंबर टाकायचे, दुसऱ्याने स्क्रीनवरून मोठ्याने वाचायचे, कागदावरून नाही, स्क्रीनवरून. मोठ्या विमानातही असंच, एक पायलट रूट, वजन, वारा कॉम्प्युटरमध्ये टाकतो अन् दुसरा तपासतो.

मग एक्सेल. वेगवेगळे फॉर्म्युले पाठ करत नको बसू, एकच गणित घे. नागपूरचा रनवे समुद्रापासून साधारण हजार फूट उंच. स्टँडर्ड हिशोबात समुद्रसपाटीला १५ डिग्री अन् दर हजार फुटाला २ कमी, म्हणजे नागपूरला १३ धरायचं. पण मे महिन्यात असते ४५. फरक ३२, एका डिग्रीला साधारण १२० फूट धरतात म्हणून त्याला १२० ने गुण, झाले ३८४०, त्यात हजार मिळव, ४८४०. म्हणजे उन्हात विमानाला वाटते आपण जवळपास पाच हजार फुटावरून उडून राहिलो, हवा पातळ, इंजिनाला दम कमी अन् रनवे जास्त लागते. ए१ मध्ये उंची, बी१ मध्ये तापमान टाक आणि फॉर्म्युला असा बनव की तापमान बदललं की उत्तर बदललं पाहिजे. (हवेच्या दाबाचा फरक नंतर जोड, सुरुवातीला डोकं खराब होते.)

वेळेचंही बघून घे. विमानात सगळं यूटीसी, म्हणजे साऱ्या जगासाठी ठरलेली एकच वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्या पहाटेचे ४ म्हणजे तिथं आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा, तारीखच बदलते, अन् पोट्टे नेमके इथंच फसतात. मोबाईलवर नागपूरचा मेटार, म्हणजे हवामानाचा रिपोर्ट, रोज उघडून वाच, कोड व्हीएएनपी, वारा नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल त्यात असतो.

सिम्युलेटर गेमसाठी बापाला कापूस विकून महागडा कॉम्प्युटर घ्यायला लावू नको. फ्री डेमो मिळाला तर ठीक, अन् खेळायचं तर बाहेरचा डोंगर पाहत नको बसू, मीटर पाहून उंची धरून दाखव.

डीजीसीए, म्हणजे पायलटचं लायसन देणारं सरकारी खातं, त्याचे पेपरही कॉम्प्युटरवरच असतात, पास व्हायला ७० टक्के. ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव दहावीच्या मार्कशीटसारखंच टाक, स्पेलिंगसकट.

आमच्याकडे लाइट गेली तर मी क्लास सोडत नाही. वही काढा म्हणतो, अन् आज ४१ डिग्री आहे तर किती फूट येते ते सांगा. लाइट आल्यावर एक्सेलचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही तर आधी एक्सेलमध्ये काय टाकलं ते बघायला लावतो.