गार सकाळी चेन सॉ चालू होत नाही? दोरी सोडा, आधी प्लग बघा

पाऊस सरला, भातं झोडून झाली की कोकणातला बागायतदार कलमांकडे वळतो. बांडगूळ उतरवायचं, वाळकी फांदी काढायची, जुन्या झाडाचा मधला भाग मोकळा करून आत ऊन पोचवायचं. जूनपासून पडवीत पडलेली चेन सॉ अशा वेळी बाहेर निघते आणि पहिल्याच गार सकाळी हटून बसते. गडी येऊन थांबलेले असतात आणि एक जण दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला असतो. दहा-बारा वेळा ओढूनही मशीन बोललं नाही, तर पुढे ओढू नका. त्यातून दोरी तुटते, स्टार्टरची स्प्रिंग जाते, आणि मूळ दोष तसाच राहतो.

सुरुवात चोकपासून करू. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक लावून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावं लागतं. मशीन सपाट जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा, डावा हात पुढच्या मुठीवर घट्ट, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत. दोरी आधी हळू ओढा, अडकल्यासारखी लागली की तिथून जोरात झटका द्या. हातात लोंबतं धरून मशीन चालू करायची सवय अनेकांना आहे, ती कृपा करून सोडा. चालू होताना पेट्रोल अर्धं उघडलेलं असतं, ब्रेक नसेल तर चेन लगेच फिरते, आणि समोर तुमची मांडी असते.

पूर्ण चोकवर साधारण तीन ते पाच झटक्यांत मशीन एक ठसका देतं. तेवढाच, आणि पुन्हा गप्प. तो ठसका ऐकू आला की चोक लगेच अर्ध्यावर आणायचा आणि पुन्हा ओढायचं. आजूबाजूला माणसं बोलत असली की तो निसटतो, माणूस पूर्ण चोकवरच ओढत राहतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं. माझ्या पाहण्यातली निम्मी ‘बिघडलेली’ मशीनं अशीच असतात, त्यांना काहीही झालेलं नसतं.

म्हणून प्लग, म्हणजे ठिणगी देणारा स्पार्क प्लग, काढून बघा. तो ओला की कोरडा, यावरच पुढची दिशा ठरते.

ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. स्विच बंद करा, चोक पूर्ण काढून टाका, प्लग बाहेर ठेवूनच दहा-पंधरा वेळा दोरी ओढा, साचलेलं पेट्रोल उडून जाईल. या वेळी जवळपास विडी-काडी नको. प्लग पुसून, काजळी असेल तर तारेच्या ब्रशने साफ करून, फट साधारण 0.5 मिलिमीटर आहे का ते तपासा आणि चोकशिवाय चालू करा. तरीही दाद देत नसेल तर नवा प्लग घाला. ठिणगी तपासण्यात सकाळ घालवण्यापेक्षा एक जादा प्लग पिशवीत असलेला बरा.

कोरडा असेल तर पेट्रोल वर येतच नाही. टाकीचं झाकण थोडं सैल करून ओढून बघा. चालू झालं, तर टाकीत हवा जाण्याचं छिद्र बुजलंय. नाहीतर आकड्यासारखी वाकवलेली तार टाकीत घालून नळी बाहेर ओढा. टोकाला फिल्टर असतो, तो चिकट काळा झाला असेल तर बदला. नळी दाबून बघा, कडक होऊन तडकली असेल तर ती हवा ओढते, पेट्रोल नाही.

पण यंदा मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पेट्रोलबद्दल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. कोकणातला पावसाळा आणि अर्धा रिकामा कॅन, म्हणजे त्याला आयतीच संधी. पाण्याचं प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. गारठ्यात हे अधिक लवकर होतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो. गेल्या वर्षी एका बागेत दोन प्लग बदलूनही मशीन हटेना. कॅनमधलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. थोड्या वेळाने खाली दोन बोटं गढूळ थर आणि वर हिरवट पेट्रोल, अगदी रेघ मारल्यासारखं. मे महिन्यातलं मिश्रण होतं ते. टाकी रिकामी करून ताजं घातलं, सातव्या झटक्याला मशीन चालू झालं.

तेव्हा जुनं मिश्रण शंका आली की टाकून द्या, पण विहिरीकडे किंवा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, नाही. पंधरा दिवसांत संपेल एवढंच नवं करा. मशीनच्या पुस्तकात 1:50 लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, 1:25 असेल तर 40 मिली. अंदाजाने ‘थोडं जास्त’ घातलेल्या ऑइलनेच प्लग काळा पडतो. किती टक्के इथेनॉल चालतं तेही त्याच पुस्तकात बघून घ्या.

हवेचा फिल्टर भुशाने गच्च असेल तर झटकून साफ करा. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने बुजली का, आत कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का, एवढंही बघा. पडवीतल्या मशीनमध्ये हे घर सापडतं.

कार्बोरेटरचे स्क्रू मात्र फिरवू नका. पेट्रोल ताजं, नळी-फिल्टर चांगले, तरी प्लग कोरडाच, तर आतला पातळ पडदा कडक झालेला असण्याची शक्यता जास्त. दुरुस्तीला नेताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका, प्लग कोरडा होता आणि टाकीत ताजं पेट्रोल आहे हेही सांगा. मेकॅनिक थेट कार्बोरेटर उघडेल आणि मशीन बहुधा त्याच दिवशी परत मिळेल.