कोरा स्विच, पेनड्राइव्ह आणि ओनी

सीसीएनए (सिस्कोचा नेटवर्किंगचा सुरुवातीचा कोर्स) करून आलेली मुलं व्हाइट बॉक्स स्विच, म्हणजे सिस्टीम न घालता येणारा कोरा नेटवर्क स्विच, पहिल्यांदा हाताळतात तेव्हा गडबडतात. कन्सोल (स्विचला लॅपटॉपवरून थेट कमांड देण्याची केबल) जोडला, पॉवर दिली, पण ओळखीचा प्रॉम्प्ट काही येत नाही. येणार कसा? त्यात स्विचची सिस्टीमच नसते. असतं ते ओपन नेटवर्क इन्स्टॉल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ओनी. क्युम्युलस नेटवर्क्सने २०१२ मध्ये सुरू केलेला आणि पुढच्याच वर्षी ओपन कॉम्प्यूट प्रोजेक्ट या खुल्या हार्डवेअरच्या प्रकल्पाने स्वीकारलेला हा छोटासा लिनक्स. सोनिकसारखी (ही स्विचसाठीची खुली ऑपरेटिंग सिस्टीम) खरी सिस्टीम शोधून डिस्कवर चढवायची, एवढंच त्याचं काम.

नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये माझ्या हाताखाली येणाऱ्यांना मी आधी कन्सोलचा स्पीड बघायला लावतो. व्हाइट बॉक्सवर तो बहुधा १,१५,२०० बॉड (बॉड हे या स्पीडचं एकक) असतो. सिस्कोच्या सवयीने ९,६०० ठेवलात तर पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात आणि माणूस उगाच केबलवर संशय घेतो.

स्विच सुरू होताना दिसणाऱ्या मेनूमधून ‘इन्स्टॉल ओएस’ निवडलं की ओनी लगेच इमेज, म्हणजे सिस्टीमची इन्स्टॉल करायची फाइल, शोधायला लागतं. आधी यूएसबी धुंडाळतं, मग डीएचसीपीकडे (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे) वळतं, नाही सापडलं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही टाइप करत असता आणि मधेच त्याचे संदेश घुसतात. म्हणून पहिली कमांड ‘ओनी-स्टॉप’. नुसतं आत डोकावायचं असेल तर त्याच मेनूतला ‘रेस्क्यू’ बरा. तिथे हा शोध चालतच नाही.

आता पेनड्राइव्ह. फॅट३२ या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेला घ्या. ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅटमध्ये येतात, आणि ओनीला ते वाचता येतीलच असं नाही. फॉरमॅट करतानाच त्याला ठळक लेबल द्या. का, ते स्विचवर ‘बीएलकेआयडी’ ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवल्यावर कळतं. स्विचची आतली एसएसडी बऱ्याचदा ‘एसडीए’ असते आणि पेनड्राइव्ह ‘एसडीबी’, पण यावर विसंबू नका. लेबल दिसलं की खात्री पटते. मग एक रिकामी डिरेक्टरी बनवून पेनड्राइव्हचं पहिलं पार्टिशन तिथे माउंट करा (म्हणजे जोडा) आणि फाइलचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) लॅपटॉपवरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट कॉपी झालेली इमेज इथेच पकडली जाते.

इमेज तुमच्या स्विचमधल्या चिपची आहे ना, हेही इथेच बघायचं. ‘ओनी-सिसइन्फो’ ही कमांड प्लॅटफॉर्मचं (स्विचच्या मॉडेलचं) नाव देते. सोनिकची ब्रॉडकॉम आणि मेलॅनॉक्स या चिपांसाठीची इमेज वेगवेगळी असते. चुकीची चढवली तर पोर्ट वर येणार नाहीत.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पेनड्राइव्हवर इमेजचं नाव ‘ओनी-इन्स्टॉलर’ असेल, तर शोध सुरू असलेला स्विच कोणाला न विचारता ती चढवतो. एकदम वीस स्विच उभे करायचे असतील तेव्हा हे सोयीचं. एरवी फाइलला दुसरं नाव ठेवा आणि ‘ओनी-एनओएस-इन्स्टॉल’ या कमांडला फाइलचा पूर्ण पाथ देऊन स्वतः चालवा.

स्विच वापरलेला असेल तर आधी जुनं कॉन्फिगरेशन बाहेर काढून ठेवा. ‘अनइन्स्टॉल ओएस’ निवडलं की जुनी सिस्टीम आणि तिच्यासोबत ते सगळं पुसलं जातं.

इन्स्टॉल सुरू झाल्यावर पॉवरला हात लावायचा नाही. रीबूटनंतर सोनिक लॉगिन मागेल. युजर ‘अॅडमिन’, पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असलेला. मॅनेजमेंट पोर्टची केबल लावण्याआधी तो बदला.