अमेरिकेतल्या घड्याळजी घराण्यांचा शोध घेताय? या चुका टाळा

तबकडीवरचं नाव म्हणजे घड्याळजीचं नाव, असं धरून चालू नका. उंच, उभ्या घड्याळांच्या रंगीत तबकड्या पुष्कळदा इंग्लंडहून यायच्या. मागच्या ओतीव लोखंडी पट्टीवर ‘ऑस्बोर्न’ किंवा ‘विल्सन’ दिसलं, तर ते बर्मिंगहॅमचे तबकडीवाले. दर्शनी नाव कधी कारागिराचं, कधी नुसत्या विक्रेत्याचं.

कनेक्टिकट राज्यातल्या, फळीवर ठेवायच्या छोट्या घड्याळांत आत कागद डकवलेला असतो. त्यावर शोध एली टेरीचा आणि बनवून विकणारा प्लिमथचा सेथ थॉमस, अशी दोन नावं सापडतात. १८१६च्या पेटंटाचा परवाना थॉमसनं टेरीकडून घेतला होता. असा कागद पहिल्यांदा वाचताना मी ‘टेरी’पाशीच थांबलो आणि चार संध्याकाळी भलत्याच घराच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी उतरवत बसलो.

नावांचा घोळ तर विचारू नका. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला. तिथे बापाचंच मुलाला. एली टेरी (१७७२–१८५२) घड्याळजी, मुलगा एलीही (१७९९–१८४१) घड्याळजीच, आणि टेरीव्हिल या गावाला नाव पडलं ते मुलावरून! बोस्टनच्या विलार्ड या घड्याळजी घराण्यातही सायमनचा सायमन, ॲरनचा ॲरन. त्यातून जुन्या दप्तरांतला ‘ज्युनियर’ मुलगाच असेल असं नाही. गावात त्याच नावाचा थोरला कुणी असला, तर पुतण्यालाही ‘ज्युनियर’ लिहीत, आणि थोरला वारला की तोच माणूस पुढच्या नोंदीत बिनशेपटीचा.

गावाच्या आजच्या नावावर दप्तर शोधलंत तर हात हलवत परत याल. कनेक्टिकटमधलंच थॉमस्टन १८७५ला प्लिमथमधून वेगळं झालं, प्लिमथ १७९५ला वॉटरटाउनमधून, आणि वॉटरटाउन १७८०ला वॉटरबरीमधून. एकाच वस्तीसाठी चार गावांची दप्तरं.

१८५०च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. घड्याळजीच्या घरी सोळा वर्षांवरचे सहा पुरुष दिसले म्हणून पाच मुलगे मांडू नका. त्यात शिकाऊ पोरंही असतात.

मग खरा घड्याळजी ओळखायचा कसा? मला सगळ्यात भरवशाची वाटते ती मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी. गादी, किटल्या, गाय यांच्या मधेच चाकांना दाते पाडायचं यंत्र आणि अर्धवट यंत्रणा निघाल्या, की माणूस सापडला. नुसती तयार घड्याळं निघाली, तर तो बहुधा दुकानदार.