वारी दारावरून जाते तेव्हा: लांबलेल्या दुखण्यात नेम कसा सांभाळायचा

आमचं घर लोणंद-फलटण रस्त्याला लागून, तरडगावच्या अलीकडे. माउलींची पालखी दरवर्षी दारावरून जाते. लोणंदचा मुक्काम हलला की चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, तेही आमच्यापासून चालत जाण्यासारखं. माहेरीच माझ्या गळ्यात माळ पडली आणि सोळा वर्षं मी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी गेले. 2012 ची दिवाळी झाली आणि आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून तेरा वर्षं झाली, मी वारीला गेलेली नाही.

मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माप द्यायला आलेल्या बायका पडदा सारून आत बघतात आणि विचारतात, "काकी, एवढ्यात तुमचा नेम टिकला कसा?" विचारणारीच्या घरीही काहीतरी असतंच. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचा नवरा पिणारा, कुणाचं पोर जन्मापासून गतिमंद. मशीन चालवता चालवता जे सांगते तेच इथं लिहिते. मी कीर्तनकार नाही, त्यामुळे दृष्टान्त कमी आणि कामाच्या गोष्टी जास्त.

आधी नेम लहान करा. पूर्वी माझं पहाटे विष्णुसहस्रनाम, दुपारी ज्ञानेश्वरीचं वाचन, संध्याकाळी देवळात हरिपाठ, रात्री भजन असं सगळं असायचं. ह्यांना घरी आणल्यावर मी ते सगळं ओढायला बघितलं. तीन महिने ओढलं. चौथ्या महिन्यात एके दिवशी ज्ञानेश्वरी मांडीवर ठेवून बसल्या जागी झोपले, जागी झाले तर ह्यांची चादर ओली आणि चूल विझलेली. त्या दिवशी सगळंच सुटलं, आणि पुढं आठवडाभर मी देवापुढं दिवासुद्धा लावला नाही. नेम एवढाच धरा की घरात सगळ्यात वाईट दिवस असला तरी तो व्हावा. मी तीन गोष्टी ठेवल्या: गळ्यातली माळ, महिन्याच्या दोन एकादश्या आणि रोजचा हरिपाठ. ज्ञानोबारायांच्या हरिपाठाचे 27 अभंग देवळात टाळ-मृदंगावर म्हटले तर चांगला वेळ लागतो, घरी एकटीनं म्हटले तर लवकर होतात. दवाखान्याच्या धावपळीत तेवढंही जमेना, तर एक अभंग. पण तो एक चुकवायचा नाही. बाकीचं जे होईल ते वरकड.

दुसरं, नेम घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. "रोज सहाला बसेन" म्हटलं की सहालाच पोट बिघडतं, सहालाच लाइट जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. माझा हरिपाठ मी त्या कुशींवर वाटून टाकलाय. जुनं नऊवारी चौघडी करून ह्यांच्या खाली, खांद्यापासून मांडीपर्यंत घातलेलं असतं. त्याची कड दोन्ही मुठींत घट्ट धरायची आणि माणूस न ओढता लुगडं ओढायचं. माणूस ओढला की कातडी घासते, जखम तिथंच सुरू होते. कुशीवर आले की पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली घडी. मग माकडहाड, खांदा, टाच, घोटा बघायचा. कुठं लाली असेल तर बोट दाबून सोडायचं. बोट काढल्यावरही जागा पांढरी न होता तशीच लाल राहिली तर त्या कुशीवर आता झोपवायचं नाही आणि नर्सबाईंना दाखवायचं. एवढं सगळं होईस्तोवर दोन अभंग होतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या मिळून सगळ्या कुशी मोजल्या तर हरिपाठ जवळजवळ पुरा होतो, उरलेला मी भाकरी थापताना म्हणते. सुरुवातीला वाटायचं, हे काय, लघवीची पिशवी हातात आणि तोंडात नाम. सोवळ्याची सवय लागलेली असते ना. गेली ती सवय.

कीर्तनात पुंडलिकाची गोष्ट मी शंभर वेळा तरी ऐकली असेल. आईबापांची सेवा चालली होती म्हणून त्यानं देवाला वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. महाराज लोक "पाय चेपत होता" एवढंच सांगतात. पाय चेपणं हे सेवेतलं सगळ्यात सोपं काम आहे हो. खरकटं, घाण, रात्रीचं ओरडणं, हे कुणी सांगत नाही. पण मला त्या गोष्टीतलं एक फार उपयोगी पडलं. देव आला म्हणून पुंडलिक उठला नाही आणि त्याचं देवानं वाईट वाटून घेतलं नाही. मग मी वारीला गेले नाही म्हणून तो माझ्यावर रुसेल, हे भय कशाला? पहिली दोन वर्षं पालखी आली की मी दार लावून आत रडायचे. आता दार उघडं ठेवते. पण खोटं कशाला बोलू, टाळांचा आवाज लांब गेला की अजूनही पोटात तुटतं.

2020 साली आषाढीला, 1 जुलैला, पायी वारी झालीच नाही. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमचा रस्ता त्या दिवसांत मोकळा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. शेजारच्या म्हाताऱ्या येऊन विचारायला लागल्या, "आता घरी बसून वारी कशी करायची गं?" मनात म्हटलं, बरं झालं, विचारायला योग्य घरी आलात.

आता एकादशी. मला 2016 पासून साखर आहे. उपास सोडायचा नाही हे मी ठरवलेलं, आणि एका एकादशीला सकाळची गोळी घेऊन नुसत्या चहावर राहिले. अकरा वाजता घाम फुटला, हातपाय थरथरले आणि मशीनवरच मान टाकली. ह्यांना सगळं दिसत होतं, पण हाक मारता येत नव्हती. डाव्या हातानं पलंगाची कड बडवून बडवून त्यांनी शेजारणीला बोलावलं. तेव्हापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नाही. गोळी किती, कधी, हे आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. साबुदाणा बंद, त्यानं साखर चढते. भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी, काकडी, ताक, आणि वेळच्या वेळी. बारशीला सकाळी लवकर सोडायचा. कुणी म्हणेल हा कसला उपास, तर म्हणू दे. आपण पडलो तर आपल्या भरवशावर असलेला माणूस उपाशी राहतो, आणि त्याला काही एकादशी नसते.

आता जे सांगायला लाज वाटते ते सांगते, कारण बहुतेक जणी इथंच घसरतात.

दुखणं लांबलं की सल्ले देणारे येतात. दुसऱ्या वर्षी नात्यातल्या एकानं सांगितलं, अमुक जत्रेत बोकड कापा, माणूस चालायला लागेल. गळ्यात माळ असलेल्या बाईनं बोकड कापायचा! पण मी तेव्हा कुणाचंही ऐकलं असतं. आदल्या रात्री माळ काढली आणि बटणांच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातानं मटण शिजवलं, वाढलं. मी खाल्लं नाही, पण त्यानं काय होतंय. माणूस चालला नाही. माळ डब्यातच राहिली. आता कुठल्या तोंडानं घालू, असं रोज वाटायचं, आणि दिवस जातील तसं ते आणखी अवघड व्हायचं.

ह्यांची कूस बदलताना ते डावा हात माझ्या मानेभोवती टाकतात, तेवढाच त्यांचा आधार. त्यांची बोटं आपसूक माझ्या माळेत अडकायची. त्या दिवसांत बोटं मानेवर चाचपडायची, मण्यांना शोधायची आणि थांबायची. मग माझ्याकडे बघायचे. पंधराएक दिवस मी ती नजर चुकवली. एका सकाळी सहन झालं नाही. डब्यातून माळ काढली आणि गावातल्या म्हाताऱ्या विणेकरी बाबांकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं दंड सांगतील, पारायण सांगतील. बाबांनी विचारलं, "जेवलीस का आज?" म्हटलं, "नाही." "मग बस." माळ धुतली, ज्ञानेश्वरीवर ठेवली, माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "जा आता, भाकरी खा जाऊन."

म्हणून सांगते, नेम मोडला तर सोमवारची, एकादशीची, आषाढीची वाट बघू नका. त्याच दिवशी, पुढच्या घासाआधी, पुन्हा धरा. आणि जो कुणी देवाच्या नावानं पैसा, कोंबडं किंवा "तुमच्या मागच्या जन्माचं पाप" असं काही मागेल किंवा सांगेल त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. माझ्या दाराशी अजून येतात. व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट परवडत नाहीत म्हणून दोन महिने बंद केले होते मी, आणि बोकडाला मात्र पैसे निघाले होते. हा हिशेब मला अजून टोचतो.

देवाशी भांडलं तर चालतं का, असंही विचारतात. जनाबाईनं विठोबाला नाही नाही ते सुनावलंय, तिच्यापुढं आपण काय. मी रात्री तीन वाजता, पाठीत कळ निघाली की, मोठ्यानं बोलते त्याच्याशी. फक्त एक पाळते: भांडण झालं तरी त्या कुशीचे दोन अभंग म्हणायचेच. अबोला धरायचा नाही. आणि "देवाची इच्छा, सोसा गप्प" हे मला कधीच पटलं नाही. चोखोबांना आयुष्यभर देवळाबाहेर ठेवलं, 1338 साली मंगळवेढ्याला गावकूस बांधताना कोसळलं त्यात ते गेले. पण त्यांनी तोंड शिवून घेतलं नव्हतं, देवाला आणि लोकांना विचारत राहिले. पंढरीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. तेव्हा अपंगत्वाचा दाखला, पेन्शन, दिराकडून येणारा ह्यांचा वाटा, जे हक्काचं ते मागा. मी मागितलं. धाकट्या जावेला स्पष्ट सांगितलं, बुधवारची दुपार तुझी. त्या दुपारी मी देवळात जाऊन फक्त बसते. पुष्कळदा झोपते.

मदत कुठून येईल सांगता येत नाही. 2015 साली परभणीकडच्या एका दिंडीतली बाई पाणी प्यायला आत आली. मी ह्यांची कूस बदलत होते. तिनं पिशवी खाली ठेवली, न विचारता लुगड्याची दुसरी कड धरली आणि माझ्याबरोबर तोच अभंग म्हणायला लागली. अर्ध्यावर ह्यांच्या तोंडून "हरी" आलं. अडीच वर्षांत पहिला शब्द. आम्ही दोघी रडलो. पुढं वाचा-उपचाराच्या मॅडमनी सांगितलं की झटक्यानं बोलणं गेलेल्यांना पाठ असलेली गाणी, प्रार्थना कधी कधी म्हणता येतात, ते वेगळ्या वाटेनं येतं. पाणी हवं हे ह्यांना अजून सांगता येत नाही. अभंगाचं धृपद मात्र म्हणतात. मॅडमचं ऐकून मला काही कमी वाटलं नाही, उलट अभंग किती हळू म्हणायचा ते कळलं. ओळीचा शेवटचा शब्द सोडायचा आणि थांबायचं. घाई करायची नाही, वीस मोजेपर्यंत वाट बघायची.

ती बाई दरवर्षी येते. मी तिच्यासाठी दोन भाकरी आणि ठेचा बांधून ठेवते आणि तिच्या ब्लाउजची उसवलेली शिवण उभ्या उभ्या मारून देते. यंदा तिनं पंढरपूरहून येताना ह्यांच्यासाठी तुळशीची माळ आणली, जुनी दवाखान्यात कापली होती ती. मी गळ्यात घालायला गेले तर ह्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं आणि तिच्याकडे बघून ओळीचा शेवटचा शब्द म्हणतात तसं, उशिरा, "हरी" म्हणाले. मग माळ तिनं घातली.