अंगणवाडीच्या वेळेत बसणारा शिलाईचा धंदा

घरात तीन-चार वर्षांखालची मुलं असताना लहान मुलांचे कपडे शिवून विकायचे असतील, तर मशीन कोणतं घ्यावं हा प्रश्न नंतरचा. आधी तास मोजा. आठवडाभर एका कागदावर लिहून काढा: मूल झोपलेलं असताना, अंगणवाडीत असताना किंवा आजीपाशी असताना सलग किती वेळ मिळतो? स्वयंपाक, पाणी, धुणं धरून दिवसाला तीन तास मिळाले तरी पुष्कळ. पाच दिवसांचे झाले पंधरा. त्यातले पाच तास कापड आणणं, मापं विचारणं, फोटो, पॅकिंग आणि हिशेब यांत जातात. शिलाईला उरतात दहा. दोन वर्षांच्या मुलीच्या अस्तराच्या फ्रॉकला कापणीची वीस मिनिटं, मशीनवर पंचाहत्तर आणि काज-बटण, तुरपाई, इस्त्री मिळून पस्तीस, म्हणजे दोन तास दहा मिनिटं लागतात. आठवड्याला चार फ्रॉक, महिन्याला सोळा. ऑर्डर कितीही येवोत, घ्यायच्या एवढ्याच. नव्याने सुरू करणाऱ्यांचा धंदा गिऱ्हाईक नसल्यामुळे बसतो त्याहून जास्त वेळा आलेल्या ऑर्डरी वेळेत न दिल्यामुळे बसतो. मुलाला ताप आला की तीन दिवस मशीनला हात लागत नाही, आणि ते तीन दिवस वर्षातून अनेकदा येतात.

दहा तास नीट वापरायचे तर कामाचे तीन भाग करा. कापणीला मोकळी जमीन आणि न मोडणारं लक्ष लागतं. ती मूल बाहेर असतानाच करायची आणि एका बैठकीत सहा कपडे कापायचे. कागदी किंवा पुठ्ठ्याचे साचे तयार असले की सहा एकत्र कापायला एकेक कापण्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो. मशीनचं काम आवाजाचं, त्यामुळे झोपलेल्या मुलाच्या खोलीत ते जमत नाही. मशीन पडवीत किंवा माजघराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. हातशिलाई मात्र मूल शेजारी खेळत असतानाही होते. म्हणून प्रत्येक कपड्याचं हातकाम वेगळ्या डब्यात जमवत जायचं आणि अंगणवाडीचे मोलाचे तास त्यावर घालवायचे नाहीत. कापलेले तुकडे कपड्यागणिक एका पिशवीत बांधा, वर माप आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहा. मधेच उठावं लागणार हे गृहीत धरलेलं काम पुन्हा सुरू करायला सोपं जातं.

मशीनपासून उठताना बटण बंद करून प्लग काढायचा. मोटरचं पायडल जमिनीवर असतं आणि रांगतं मूल थेट त्यावरच येतं. पायमशीन असेल तर उठताना चाकावरचा पट्टा उतरवून ठेवा, कारण चाक आणि पट्टा यांच्यामध्ये बोटं सापडतात. टाचण्या मोजून काढा, मोजून ठेवा. काम संपल्यावर जमिनीवरून लोहचुंबक फिरवणं ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

सुरुवातीला लोखंडी स्टँडचं साधं काळं मशीन घ्यावं आणि त्याला मोटर बसवून घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. जून लागला की कोकणात वीज कधी जाईल सांगता येत नाही. तेव्हा पट्टा चढवून ते पायाने चालतं. भरतकामाचे शंभर प्रकार करणारं महागडं मशीन पहिल्या वर्षी लागत नाही. त्यापेक्षा कापडाच्या कडा धाग्याने गुंफणारं तीन धाग्यांचं ओव्हरलॉक मशीन जास्त उपयोगी, पण तेही महिन्याला सोळा कपडे नियमित विकले जाऊ लागल्यावर. सुया पुरेशा ठेवा: मलमलीला ११ नंबर, कॅम्ब्रिक आणि पॉपलिनला १४, तीन-चार थर एकत्र शिवायचे तिथे १६. होजिअरीला गोल टोकाची सुई वेगळी मिळते. साध्या सुईने होजिअरी शिवली तर टाके सुटतात आणि कापडाला बारीक भोकं पडतात. आठ-दहा तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी. बोथट सुई मलमलीचे धागे ओढते, आणि ती ओढ इस्त्रीने जात नाही.

शिलाईच्या खालच्या बाजूला धाग्याचे फास दिसू लागले की नवखी माणसं बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या धाग्याच्या डबीचा, स्क्रू पिळत बसतात. दोष बहुधा वर असतो: धागा टेन्शनच्या, म्हणजे वरच्या धाग्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो. सुईजवळचं फूट वर उचला म्हणजे चकत्या मोकळ्या होतात, आणि धागा पुन्हा पहिल्यापासून ओवा. मेकॅनिकची एक फेरी वाचते.

कापडात घाई नको. मुंबईला जाणं होत असेल तर मंगळदास मार्केट. नाहीतर आंबा किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर-इचलकरंजी. पंधरा डिझाइनचे दोन-दोन मीटर आणण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याऐवजी तीन डिझाइनचे दहा-दहा मीटर आणा. धागा, बटणं, साचे तेच राहतात, उरलेल्या तुकड्यांतून टोपडी निघतात, आणि फोटोत तुमचा माल एकाच घरचा दिसतो. घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा: ३६ इंची आणि ४४ इंची पन्ह्यात एका फ्रॉकमागे लागणारं कापड बदलतं, त्यामुळे मीटरचा भाव स्वस्त वाटला तरी कपडा महाग पडू शकतो.

कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचंच. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. चोवीस इंची फ्रॉक त्यात जवळपास एक इंच आखूड होतो. अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं आटलं तर घेराला फुगे येतात आणि तो कपडा कशानेही सरळ होत नाही. रंगाची परीक्षाही तेव्हाच: ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड जोरात घासा आणि फडकं त्यावर ठेवून गरम इस्त्री फिरवा. रंग उतरला तर ते कापड लहान मुलांसाठी बाद. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही. गडद नीळ कितीही देखणी असली तरी घासल्यावर सुटत राहते, आणि बाळ बाही तोंडात घालतंच.

खणाच्या परकर-पोलक्याला गणपतीत मोठी मागणी असते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा मूळ खण आणि बाजारातला पॉलिस्टरचा खण दिसायला जवळजवळ सारखे. एक धागा काढून, मुलांपासून लांब, जाळून पाहा: सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टर वापरायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला तसं सांगून आणि तशीच किंमत लावून. दोन्हींना काखेपर्यंत मलमलीचं पूर्ण अस्तर हवंच. काठाची जरतार गळ्याशी टोचली की मूल तो कपडा पाच मिनिटं अंगावर ठेवत नाही.

आता बाळाच्या अंगाची गोष्ट, कारण मोठ्यांच्या ब्लाउजवर हात बसलेल्यांचंही इथे चुकतं. बाळाचं डोकं छातीच्या मानाने मोठं असतं. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण १८ इंच आणि छातीही तेवढीच. गळा १४ इंची ठेवून मागे उघड, म्हणजे बटणांनी मिटणारी फट, ठेवली नाही, तर कपडा डोक्यातून जाणार नाही. मागे किंवा खांद्यावर चार-पाच इंचांची उघड द्या. तान्ह्याच्या झबल्याला छातीत १८ ते १९ इंच आणि लांबीला ११ इंच पुरतात. बंद छातीच्या बाजूला लावा, गळ्याला नाही. गळ्याभोवती नाडी, लांब बंद किंवा गोंडा कुठल्याच लहान मुलाच्या कपड्याला नको, फास बसतो. तीन वर्षांखालच्या कपड्यांवर मणी, घुंगरू, टिकल्या लावू नका. गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी नकार द्या. बटण दुहेरी धाग्याने शिवून प्रत्येक बटण जोर लावून ओढून पाहायचं. जे निघेल ते तुमच्या हातात निघालेलं बरं, बाळाच्या घशात नको.

मलमलीला ओव्हरलॉकची कड आतून खुपते. तिथे फ्रेंच शिलाई करा: आधी सुलट बाजूने पाव इंचावर शिवायचं, कडा अर्ध्यावर कापायच्या, उलटवून पुन्हा पाव इंचावर शिवायचं. वेळ वीस मिनिटं जास्त जातो आणि किमतीत तो धरायचा. कपड्यात माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडा: दोन्ही बाजूंना एकेक इंच आणि घेराला दोन इंचांची दुमड. पुढच्या वर्षी तोच फ्रॉक उसवून सैल करता येतो, हे सांगून विकलेला कपडा आईला महाग वाटत नाही. माप विचारताना वयावर जाऊ नका. मुलीला आत्ता नीट बसणारा एखादा फ्रॉक जमिनीवर सपाट पसरून छाती, खांदा आणि लांबी टेपने मोजून फोटो पाठवायला सांगा.

पावसाळा हा इथल्या धंद्याचा खरा कस. चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेला तागा पंधरा दिवसांत बुरशी धरतो. मांडणी भिंतीपासून अर्धा फूट पुढे, जमिनीपासून फूटभर वर. कापड झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, तेही पूर्ण कोरडं झाल्यावर. इस्त्री करून लगेच पिशवीत घातलेला कपडा आतली वाफ धरून ठेवतो, म्हणून तासभर पंख्याखाली राहू द्या. खळ असलेलं कापड न धुता ठेवलं तर कसर लवकर लागते. आणि डांबरगोळ्या बाळकपड्यांत कधीच नकोत. काही बाळांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते; या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या संपर्काने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. वाळलेला कडुलिंब ठेवा, आणि ऊन पडेल त्या दिवशी सगळे डबे उघडा. समुद्राच्या खाऱ्या हवेत टाचणी रात्रभर कापडात राहिली तर सकाळी गंजाचा डाग दिसतो; ताजा डाग लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवला तर बहुधा निघतो. मशीनला रोज तेल घालून चिंधीवर चार ओळी शिवा, मग सुई काढून ठेवा आणि मशीन झाका.

किंमत ठरवताना मजुरी आधी धरा. वरच्या फ्रॉकचं उदाहरण घेऊ: सव्वा मीटर कापड १२० रुपयांनी १५० रुपये, पाऊण मीटर अस्तर ४५, धागा-बटण-इलॅस्टिक २०, पॅकिंग १५. मजुरी तासाला ९० रुपयांनी १९५. वीज, सुया, मशीनची झीज १५. झाले ४४०. न विकल्या जाणाऱ्या आणि बिघडणाऱ्या मालासाठी दहा टक्के, म्हणजे ४८४. थेट विक्री ६०० ला केली तर मजुरी आणि नफा मिळून फ्रॉकमागे ३११, म्हणजे सोळा फ्रॉकचे पाच हजारांच्या आसपास. आधीच माहीत असलेलं बरं. दुकानात किंवा होमस्टेच्या काउंटरवर ठेवायचा तर ते पंचवीस टक्के घेतात असं धरू: ६०० मधले १५० गेले, ४५० उरले, खर्चही निघाला नाही. तिथे किंमत ७०० पाहिजे, आणि तीच किंमत घरूनही सांगायला हवी, नाहीतर दुकानदार पुन्हा माल ठेवणार नाही. "घरीच तर शिवता, एवढे कसे?" असं विचारणारे असतील. त्यांना अस्तर न लावलेला साधा कपडा कमी किमतीत दाखवा. त्याच कपड्याची किंमत मात्र उतरवू नका. मापाच्या ऑर्डरीला निम्मी रक्कम आगाऊ, त्याशिवाय कात्री लावायची नाही.

कागदपत्रं सुरुवातीला थोडीच. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट खाजगी आहेत. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं, पण कुटुंबातल्या एकालाच. शिवण येत नसेल तर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, आरसेटीत, मोफत वर्ग असतात. बचत गटात असाल तर उमेदच्या प्रदर्शनांत माल मांडता येतो. जीएसटीची मर्यादा मालाला वर्षाला ४० लाखांची आहे, त्यामुळे राज्यातल्या राज्यात विकताना एवढ्यात तो प्रश्न येत नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे, हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंनाच सूट, म्हणून आधी करसल्लागाराला विचारा.

वर्षाची आखणी गणपतीवरून मागे मोजत करायची. कापड पाऊस लागायच्या आत घरात हवं, कारण घाटात दरड आली की गाडी अडते. ऑर्डरी आषाढी एकादशीला उघडा, नागपंचमीला बंद करा, शेवटचा कपडा नारळी पौर्णिमेपर्यंत तयार. हे पाच आठवडे होतात, हिशेबाने वीस कपडे. घ्यायचे सोळाच, एक आठवडा मुलांच्या तापासर्दीला राखून. पौर्णिमेनंतर चतुर्थीपर्यंतचे अडीच-तीन आठवडे पार्सलला आणि दुरुस्तीला लागतात. जे चाकरमानी गावी येणार आहेत त्यांचं पार्सल पाठवू नका, हातात द्या. मुलीला घालून बघता येतं आणि सैल-घट्ट असेल ते तिथेच उसवून देता येतं. त्यातून उरलेले मापाबाहेरचे कपडे सवलतीत काढून टाकू नका. त्रिपुरी पौर्णिमेपासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तिथे दोन ते पाच वर्षांची तयार मापं पूर्ण किमतीला जातात.