स्वमग्न सहकाऱ्यासाठी कामाची जागा कशी तयार करावी

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेली प्रौढ व्यक्ती रुजू होणार असेल, तर पर्यवेक्षकाने प्रथम तिलाच विचारावे की कोणता आवाज, प्रकाश किंवा वास तिला असह्य होतो, कारण एखाद्याला प्रेसचा दणदणाट चालतो, तर दुसऱ्याला ट्यूबलाइटची गुणगुणही दिवसभर थकवते. त्यानुसार जागा बदलून द्यावी किंवा इअरमफ वापरू द्यावेत.

सर्वाधिक लक्ष मात्र सूचनांकडे द्यावे. ‘हे जरा बघून घ्या’ या वाक्यातून नेमके काय, किती आणि केव्हापर्यंत करायचे हे स्पष्ट होत नाही. म्हणून ‘या पेटीतील ५० नग गेजने तपासा, सदोष नग लाल ट्रेमध्ये ठेवा आणि साडेबारापर्यंत नोंदवही भरा’ असे लिहून द्यावे. पाळी किंवा काम बदलणार असल्यास शक्यतो आदल्या दिवशीच कळवावे. नजरेला नजर न देणे किंवा चहाच्या सुटीत एकटे बसणे याला उर्मटपणा समजू नये. माझ्या मते बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात आणि त्यांची झळ चांगल्या कामगाराला बसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असून, कलम २१ नुसार आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावे लागते. ते वाचून कर्मचाऱ्याने आपल्या गरजा मनुष्यबळ विभागाला लेखी कळवाव्यात व पोच घ्यावी. निदानाविषयी सहकाऱ्यांना सांगायचे की नाही, हे त्यानेच ठरवावे. व्यवस्थापनाने ते परस्पर सांगू नये.